‘पोलीस ॲक्शन’ : एका इंग्रजी शब्दाची उकल

परभणी जिल्ह्यातील जुन्या पिढीला जन्मतारीख विचारली, तर क्वचितच तारीख सांगितली जाते. “पोलीस ॲक्शनच्या साली मी रांगत होतो”, “पोलीस ॲक्शन झालं तेव्हा माझं लग्न ठरलं होतं”, अशी उत्तरे येतात. जी माणसे शाळेची पायरी चढली नाहीत, त्यांच्याही तोंडी हा इंग्रजी शब्द अगदी घरचा झालेला आहे. ‘पोलीस कारवाई’ हा त्याचा मराठी पर्याय पुस्तकात आढळतो. बोलण्यात मात्र तो कधी रुळला नाही. परंतु ज्या घटनेला आपण हे नाव देतो, त्या घटनेत पोलीस होते कोठे?

घटना सर्वश्रुत आहे. परभणी त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला, पण रझाकारांचे अत्याचार वाढत गेले आणि सामीलीकरणाचा प्रश्न सुटला नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ तारखेस निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी हैदराबादचे सेनापती अल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. या चढाईत रणगाडे होते, चिलखती दल होते, विमाने होती. लष्कराच्या कागदोपत्री तिचे नाव ‘ऑपरेशन पोलो’ असे होते. मोहीम संपल्यावर संस्थानाचा कारभार ज्यांच्या हाती आला, ते चौधरी ‘मिलिटरी गव्हर्नर’ म्हणून ओळखले गेले. कारवाई पोलिसांची आणि गव्हर्नर लष्कराचा, ही विसंगती तेव्हाही कोणाच्या नजरेतून सुटली नसावी.

इंग्रजी भाषेत लष्करी चढाईसाठी शब्दांची वाण नाही. ‘कॅम्पेन’ हा शब्द मैदान या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. हिवाळाभर तळावर राहिलेले सैन्य ऋतू पालटताच मैदानात उतरे, तो हंगाम म्हणजे कॅम्पेन. आपल्याकडे पावसाळ्यात छावणी आणि दसऱ्याला सीमोल्लंघन, तसाच हा प्रकार. ‘एक्स्पिडिशन’च्या मुळाशी पाय हा शब्द आहे, अडकलेला पाय मोकळा करणे, हा त्याचा मूळ भाव. आपली ‘मोहीम’ अरबीतून आली आणि तिचा मूळ अर्थ ‘महत्त्वाचे काम’ एवढाच. म्हणजे हे सारे शब्द सैन्याच्या चालण्याविषयी किंवा कामाविषयी बोलतात. ‘पोलीस ॲक्शन’ हा शब्द वेगळ्या जातीचा आहे. सैन्य काय करीत आहे हे तो सांगत नाही; ज्याच्यावर चाल केली तो कोण आहे, हे सांगतो. युद्ध परराज्याशी होते. पोलीस आपल्याच घरात शिरलेल्या बेबंदशाहीचा बंदोबस्त करतात. एकदा ‘पोलीस’ म्हटले की समोरचा पक्ष स्वतंत्र राज्य उरत नाही.

नेमके हेच सांगण्याची तेव्हा निकड होती. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली होती. आपण सार्वभौम असून शेजारी राष्ट्र आपल्याला धमकावीत आहे, असा तिचा आशय होता. ‘युद्ध’ हा शब्द वापरणे म्हणजे ती तक्रार मान्य करण्यासारखेच झाले असते.

शब्द मात्र भारताचा नव्हता. १९४७च्या जुलैत डच सरकारने इंडोनेशियाच्या नव्या प्रजासत्ताकावर सैन्य घातले, तेव्हा त्या चढाईला त्यांनी पोलीस कारवाईच म्हटले होते. त्या वेळी हा प्रश्न सुरक्षा परिषदेत नेणाऱ्या देशांत ऑस्ट्रेलियाबरोबर भारतही होता! पुढे जून १९५० मध्ये कोरियात अमेरिकी सैन्य उतरले, तेव्हा एका वार्ताहराने सुचविलेला हाच शब्द अध्यक्ष ट्रुमन यांनी तत्काळ मान्य केला. ती ‘पोलीस कारवाई’ तीन वर्षे चालली. तीन देश, तीन अगदी निराळी प्रकरणे. हैदराबादेत जनतेचा मोठा भाग निजामी राजवटीला विटला होता, तसे इंडोनेशियात डचांच्या बाजूने म्हणता येत नाही. म्हणून तिन्ही कारवाया एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. शब्द तेवढा तिघांच्याही सोयीचा होता.

या सोयीची एक किंमतही होती. ‘पोलीस’ म्हटले की सुव्यवस्था डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात रझाकारांनी आधी खेडी लुटली, जाळली, माणसे मारली. आणि कारवाईनंतर अनेक जिल्ह्यांत सामान्य मुस्लिम कुटुंबांवर सूड उगविला गेला. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार प्रभृतींनी संस्थानात फिरून पाहणी केली. त्यांच्या अहवालाने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. हा अहवाल अनेक दशके सर्वसामान्यांपुढे आलाच नाही. शेजारचा नांदेड जिल्हा सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत गणला गेला.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या शब्दात आणखी एक गाठ आहे. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पत्रक काढून हैदराबादेतील अस्पृश्य बांधवांना निजामाच्या बाजूने उभे न राहण्याचे आणि धर्मांतराच्या दडपणाला बळी न पडण्याचे बजावले होते. दुसरीकडे, सुरक्षा परिषदेपुढे गेलेल्या हैदराबादच्या शिष्टमंडळात श्यामसुंदर हे दलित नेतेही होते. ज्या वस्तीला गावात विहीर नव्हती आणि रानात जमीन नव्हती, तिला “तुम्ही कोणत्या बाजूचे?” हा प्रश्न दोन्हीकडून विचारला जाणार, हे उघडच होते. त्या वस्तीचे सप्टेंबर १९४८ कसे गेले, हे ‘पोलीस ॲक्शन’ या दोन शब्दांत मावत नाही. ‘मुक्तिसंग्राम’ या शासकीय शब्दातही पुरते मावत नाही. उर्दू भाषकांचा ‘सुकूत-ए-हैदराबाद’, म्हणजे हैदराबादचा पाडाव, हा शब्द तर तिसऱ्याच अंगणात उभा आहे.

आपल्या विद्यालयात दरवर्षी १७ सप्टेंबरला ध्वजवंदन होते. त्या दिवशी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या उंबरठ्यावर किंवा त्याही पलीकडे आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी असे आजोबा-आजी हयात असतील, त्यांनी एवढेच विचारावे : “पोलीस ॲक्शनच्या दिवशी आपल्या वस्तीत कोण आले होते, आणि त्यांच्या अंगावर कोणता गणवेश होता?” उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावे, गावाचे नाव आणि सांगणाऱ्याचे त्या वेळचे वय बाजूला लिहावे.