गाडीचं 'अ‍ॅव्हरेज' आणि वर्गातली सरासरी



गाडी घेतली की शेजारी, नातेवाईक, स्टाफरूममधले मित्र सगळे एकच प्रश्न विचारतात, "अ‍ॅव्हरेज किती देते?" एक लिटर पेट्रोलमध्ये किती किलोमीटर, एवढंच त्यांना हवं असतं. आपण रोज वापरतो तो हा 'अ‍ॅव्हरेज' शब्द म्हणजे आपल्या सातवीच्या गणितातली सरासरीच. सरासरी म्हटली की तिच्या पोटात बरंच काही लपलेलं असतं. हायवेवर एकाच गाडीचं अ‍ॅव्हरेज एका वेळी पंधरा आणि दुसऱ्या वेळी एकोणीस कसं येतं, ते आज समजून घेऊया.

या विषयात मी पडलो ते घरच्या कारणाने. गेल्या वर्षापासून बाबांना दर महिन्याला तपासणीसाठी नागपूरला न्यावं लागतं. यवतमाळहून कळंब, देवळी, वर्धा करत नागपूर साधारण दीडशे किलोमीटर. जाऊन-येऊन माझ्या गाडीच्या मीटरवर ३०२ किलोमीटर होतात. गाडी जुनी, सेकंडहँड घेतलेली. औषधांचा खर्च आपल्या हातात नसतो, पण पेट्रोलचा थोडाफार असतो. म्हणून मी एक वही केली.

मोजायचं कसं?

पद्धत सोपी आहे. निघताना टाकी फुल करायची. पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, वरून थेंबथेंब भरायचं नाही. परत आल्यावर त्याच पंपावर तसंच भरायचं. दुसऱ्यांदा जेवढं लिटर बसलं तेवढं प्रवासात जळलं. किलोमीटरला लिटरने भागा, झालं अ‍ॅव्हरेज.

इथे एक गंमत मुलांना जरूर विचारा. जाताना १५० किलोमीटर २० च्या अ‍ॅव्हरेजने गेलो, येताना १५० किलोमीटर १५ च्या अ‍ॅव्हरेजने आलो, तर पूर्ण प्रवासाचं अ‍ॅव्हरेज किती? वर्गात सगळे हात वर करून सांगतात, साडेसतरा. आता मांडून बघा. जाताना साडेसात लिटर, येताना दहा लिटर, एकूण साडेसतरा लिटर. ३०० भागिले १७.५ म्हणजे १७.१४. उत्तर कमी आलं, कारण खराब अ‍ॅव्हरेजच्या प्रवासात लिटर जास्त जळले आणि त्यांचं वजन सरासरीत जास्त पडलं. दोन सरासऱ्यांची सरासरी काढायची नसते, हा नियम मुलांना इथे पक्का बसतो.

इंजिन नेमकं कशाशी झगडतं?

सपाट रस्त्यावर एका वेगाने चालणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन गोष्टी मागे ओढतात, टायरचं घर्षण आणि हवा. टायरचा विरोध वेग वाढला तरी फारसा वाढत नाही. हवेचं गणित वेगळं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

म्हणजे ८० चा वेग १०० केला, तर वेग सव्वापट झाला. सव्वाचा वर्ग १.५६. हवेचा विरोध दीडपटीहून जास्त! ८० चा १२० केला तर दीडचा वर्ग २.२५, म्हणजे सव्वादोन पट. गावात चाळीसच्या वेगाने फिरताना ही हवा जाणवतही नाही. हायवेवर मात्र तीच आपल्या पेट्रोलची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक असते.

आता समृद्धी महामार्ग झाला आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. आपल्याकडचे लोक पुण्या-मुंबईला जाताना धामणगाव किंवा कारंजाकडून त्यावर चढतात. कारला १२० ची मर्यादा आहे म्हणून १२० नेच जातात आणि मग म्हणतात, "एवढा गुळगुळीत रस्ता, तरी गाडीनं अ‍ॅव्हरेज दिलं नाही." रस्ता गुळगुळीत आहे, हवा तीच आहे. १२० ही मर्यादा आहे, सक्ती नाही.

मग अगदी हळू चालवावी का? तेही नाही. वीसच्या वेगाने दुसऱ्या गिअरमध्ये रांगलो तर एक किलोमीटरला तीन मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ इंजिन स्वतःला फिरवायला पेट्रोल खात असतं. बहुतेक कार वरच्या गिअरमध्ये ६० ते ८० च्या आसपास सगळ्यात काटकसरी असतात.

वाऱ्याचंही तसंच. समोरून ताशी २० चा वारा असेल आणि गाडी ८० ने चालली असेल, तर गाडीला १०० च्या वेगाची हवा लागते. जाताना चांगलं आणि येताना वाईट अ‍ॅव्हरेज आलं तर लगेच पंपवाल्यावर संशय घेऊ नका.

चढाचा दोष किती?

आपल्याकडे नेहमी ऐकू येतं, "यवतमाळ उंचावर आहे ना, येताना गाडी जास्त खाते." खरं आहे, पण किती? यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर, नागपूर सुमारे ३१०. फरक १३५ मीटरचा. माणसांसकट बाराशे किलोची गाडी एवढी वर चढवायला जी ऊर्जा लागते, तिचा हिशेब केला तर साधारण पाव लिटरच्या आत पेट्रोल लागतं. जाताना उताराने त्यातलं काही परतही मिळतं. मी तीन-चार लिटरचा फरक चढाच्या माथी मारत होतो, तो खोटा होता.

उतारावर गाडी न्यूट्रल करणारेही पुष्कळ आहेत. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीपासूनची ही सवय. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत, गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रल केली तर उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. वर इंजिनचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वाचत काही नाही, धोका मात्र वाढतो.

ब्रेक म्हणजे जळालेलं पेट्रोल

थांबलेली गाडी १०० च्या वेगाला न्यायला, नुसत्या त्या वेगासाठी, अंदाजे ५० ते ६० मिलिलिटर पेट्रोल जातं. एका कटिंग चहाएवढं समजा. ब्रेक दाबला की तो चहा सांडला, ब्रेकच्या उष्णतेत गेला. आपल्या रस्त्यावर गावं आहेत, गतिरोधक आहेत, गुरं आहेत, कापसाच्या हंगामात भरलेले ट्रॅक्टर आहेत. दुरून दिसलं की आधीच पाय काढावा. जोरात जाऊन जोरात ब्रेक मारणारा आणि शांत जाणारा कळंबच्या चौकात बरोबरच भेटतात.

हवेचे 'पॉइंट'

टायरमध्ये हवा कमी असली की टायर जास्त दबतो, वाकतो, गरम होतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार चारही टायरमध्ये सरासरी एक पॉइंट हवा कमी झाली की अ‍ॅव्हरेज ०.२ टक्क्यांनी घटतं. पाच पॉइंट कमी म्हणजे एक टक्का. पेट्रोलच्या दृष्टीने हे फार नाही, पण खरा प्रश्न पेट्रोलचा नाहीच.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि "उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल" असा सल्ला सर्रास मिळतो. तो उलटा आहे. कमी हवेचा टायर वेगात जास्त वाकतो, आतून तापतो आणि त्यानेच फुटण्याचा धोका वाढतो. कंपनीने दिलेला आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी, तेवढीच हवा भरा. चालून आल्यावर दोन-चार पॉइंट वाढलेले दिसतील. ते काढू नका, ते धरूनच तो आकडा दिलेला असतो.

ए.सी., काचा आणि कॅरिअर

ए.सी.ला पेट्रोल लागतं हे खरं. पण हायवेच्या वेगात काचा उघड्या ठेवल्या तर हवा आत घुसते आणि विरोध वाढतो. म्हणून गावात काचा, हायवेवर ए.सी. हे साधं धोरण ठीक. उन्हात तापलेली गाडी असेल तर पहिली दोन मिनिटं काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग ए.सी. लावा. आणि आजारी माणूस सोबत असताना ए.सी. बंद करून लिटर वाचवू नका. त्याला बचत म्हणत नाहीत.

छतावरचं कॅरिअर मात्र फुकटचा भार. माझ्या गाडीवर ते एका लग्नाच्या सामानासाठी बसवलं होतं. लग्न होऊन दीड वर्ष झालं, कॅरिअर तसंच. रिकामं असलं तरी ते हवा अडवतंच.

कंपनीचा आकडा आणि पेट्रोलमधलं इथेनॉल

जाहिरातीतला आकडा खोटा नसतो, पण तो परीक्षेतला असतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर उभी करून ठरावीक पद्धतीने चालवतात. त्या पद्धतीचं नाव एमआयडीसी, पण ही आपली लोहाऱ्याची एमआयडीसी नव्हे! तिचा अर्थ 'सुधारित भारतीय चालन चक्र'. त्यात सर्वात जास्त वेग ९० असतो आणि ए.सी. बंद असतो. घोकून दिलेल्या पेपरातले मार्क आणि व्यवहारातलं गणित यांत जो फरक, तोच इथे.

शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत या मिश्रणात लिटरमागे ऊर्जा साधारण सहा-सात टक्के कमी. पूर्वीच्या १० टक्के मिश्रणाशी तुलना केली तर फरक तीन-साडेतीन टक्के. जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज थोडं उतरलं तर त्यात हाही वाटा धरा.

एका मुलीचा प्रश्न

आता माझी वही. पहिल्या फेरीत वेग शंभरच्या पुढे, छतावर कॅरिअर, टायरची हवा न तपासलेली. ३०२ किलोमीटरला २०.१ लिटर, म्हणजे अ‍ॅव्हरेज १५. पुढच्या महिन्यात कॅरिअर काढलं, हवा भरली, वेग ८० ते ८५ ठेवला. १६.१ लिटर, अ‍ॅव्हरेज पावणेएकोणीस. चार लिटर वाचले! मी हे आकडे मोठ्या अभिमानाने फळ्यावर लिहिले. तर मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, तुम्ही तीन गोष्टी एकदमच बदलल्या. मग पेट्रोल कशानं वाचलं?"

मला उत्तर देता आलं नाही. विज्ञानाच्या तासाला 'एका वेळी एकच गोष्ट बदला' असं मीच शिकवतो आणि मीच ते विसरलो होतो.

पुढच्या दोन फेऱ्या तिच्या प्रश्नासाठी केल्या. हवा बरोबर आणि वेग ८० च, पण कॅरिअर परत लावलं, तर १७ लिटर. कॅरिअर काढून वेग शंभर, तर १८.९ लिटर. म्हणजे कॅरिअरने जवळपास एक लिटर खाल्लं आणि वेगाने पावणेतीन. हवेचा परिणाम इतका लहान की माझ्या या पद्धतीत तो पकडताच आला नाही. वारा, रहदारी, नोझल यांचा फरक धरला तर हे आकडे काही काटेकोर नाहीत, पण मोठा चोर कोण ते कळलं.

महिन्याला चार लिटर, वर्षाला अठ्ठेचाळीस. पेट्रोल लिटरला शंभरच्या वर आहे, म्हणजे पाच हजारांच्या घरात रक्कम जाते. त्यात बाबांची दोन-तीन महिन्यांची औषधं बसतात. आणि वेळ? १५० किलोमीटरला १०० ऐवजी ८० ने गेलं तर कागदावर साडेबावीस मिनिटं जास्त, प्रत्यक्षात पंधरा-वीस. दवाखान्यात नंबर लागायला तसेही दोन तास बसावं लागतं.

बाबा पहिल्या फेरीपासून मागच्या सीटवरून म्हणत होते, "कायले पळवतं रे एवढी गाडी? नागपूर काही पळून नाही जाऊन राह्यलं." मला हे कळायला चार फेऱ्या, एक वही आणि सातवीतली एक मुलगी लागली.

मुलांसाठी कृती

१. घरच्या दुचाकीचं अ‍ॅव्हरेज टाकी फुल पद्धतीने महिनाभर काढा. किलोमीटर, लिटर, तारीख असा तक्ता करा.

२. दुसऱ्या महिन्यात एकच गोष्ट बदला. फक्त टायरची हवा किंवा फक्त वेग.

३. ४०, ६०, ८०, १०० या वेगांचे वर्ग काढून ४० च्या तुलनेत हवेचा विरोध किती पट होतो ते लिहा.

पालकहो, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलांकडून समजून घ्या आणि पुढच्या प्रवासात मुलाला मीटरजवळ बसवा. शंभरच्या वर काटा गेला की तेच आठवण करून देईल.