कानपूरच्या डॉक्टर आजी

गणवेशातले छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले. पण लक्ष्मी सहगल यांच्या आयुष्याची जवळजवळ साठ वर्षे गेली ती एका साध्या दवाखान्यात.

आजीचा एखादा फोटो बहुतेक घरांत भिंतीवर असतो. पुढेपुढे आजी म्हटले की त्या फोटोतलीच मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते आणि तिची बाकीची वर्षे हळूहळू विसरली जातात. थोरामोठ्यांच्या बाबतीतही हेच घडते. ‘कॅप्टन लक्ष्मी’ म्हटले की आठवते ती सुभाषबाबूंसोबत चालणारी, लष्करी गणवेशातली तरुणी. प्रत्यक्षात तो गणवेश त्यांच्या अंगावर होता जेमतेम दोन वर्षे आणि आयुष्य लाभले ९७ वर्षांचे! मग उरलेल्या वर्षांत त्यांनी काय केले?

आईचे बाळकडू

लक्ष्मीबाईंचा जन्म २४ ऑक्टोबर १९१४ चा, मद्रासचा. वडील एस. स्वामिनाथन हे नावाजलेले वकील. आई अम्मू स्वामिनाथन स्वातंत्र्य चळवळीतल्या कार्यकर्त्या; पुढे त्या घटना समितीच्या सदस्य झाल्या. धाकटी बहीण म्हणजे प्रसिद्ध नर्तिका मृणालिनी साराभाई.

केरळातल्या आजोळी मात्र सोवळेओवळे कडक होते. जवळच राहणाऱ्या आदिवासींची सावलीही आजीला चालत नसे. एके दिवशी छोट्या लक्ष्मीने सरळ एका आदिवासी मुलीचा हात धरला आणि तिच्याशी खेळायला सुरुवात केली. आजी संतापली, पण नात काही बधली नाही. समोरच्याची जात न बघता त्याचा हात धरायचा, ही सवय मग जन्मभर सुटली नाही.

दोन वर्षांचा गणवेश

१९३८ साली मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या आणि १९४० मध्ये सिंगापूरला गेल्या. तिथे भारतातून आलेल्या गरीब मजुरांसाठी त्यांनी दवाखाना चालवला. जुलै १९४३ मध्ये सुभाषचंद्र बोस सिंगापुरात आले. स्त्रियांचे सैन्यदल उभारण्याचा त्यांचा मनोदय कळताच लक्ष्मीबाईंनी घरोघर जाऊन मुली गोळा केल्या. सुमारे वीस जणींच्या पहिल्या तुकडीने चक्क साड्या नेसून, हातात जड रायफली घेऊन नेताजींना मानवंदना दिली!

दवाखाना सोडून लक्ष्मीबाई या दलाच्या प्रमुख झाल्या. आझाद हिंद सरकारच्या मंत्रिमंडळातही त्या एकमेव महिला होत्या. दलाला नाव दिले होते झाशीच्या राणीचे, म्हणजे मराठी घरातल्या मनू तांबेचे. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात त्या ब्रिटिशांच्या हाती लागल्या आणि मार्च १९४६ मध्ये त्यांना भारतात आणण्यात आले.

साठ वर्षांचा दवाखाना

मार्च १९४७ मध्ये लाहोरला त्यांचा विवाह झाला तो कर्नल प्रेमकुमार सहगल यांच्याशी. लाल किल्ल्यातल्या गाजलेल्या खटल्यातल्या तीन आरोपींपैकी ते एक. दोघांनी संसार थाटला कानपुरात. योगायोग असा, की मनू जिथे लहानाची मोठी झाली ते पेशव्यांचे बिठूर तिथून जवळच आहे.

फाळणीनंतर कानपुरात निर्वासितांचे लोंढे येऊ लागले. डॉक्टर थोडे, रुग्ण अफाट. अशा वेळी लक्ष्मीबाईंचा दवाखाना सर्वांना खुला होता. हिंदू आणि मुसलमान, दोघांचाही त्यांच्यावर विश्वास होता. गोरगरिबांच्या घरी पाळणा हलवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणून त्यांचे नाव झाले. याच काळात स्वतःच्या दोन मुलीही वाढत होत्या.

जिथे संकट, तिथे डॉक्टरीणबाई हजर! १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत त्यांनी काम केले. १९८४ च्या अखेरीस भोपाळची वायुदुर्घटना घडली, तेव्हा त्या वैद्यकीय पथक घेऊन तिकडे गेल्या. त्याआधी काहीच आठवडे, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर कानपुरात शिखांवर जमाव चालून येत होते. सत्तरी गाठलेल्या लक्ष्मीबाई रस्त्यावर उतरून त्या जमावाला सामोऱ्या गेल्या. दवाखान्याच्या आसपास एकाही शिखाला किंवा त्याच्या दुकानाला त्यांनी हात लागू दिला नाही.

घरची परंपरा

घरातही हा वारसा पाझरला. थोरली मुलगी सुभाषिनी अली कामगार चळवळीत उतरल्या आणि १९८९ मध्ये कानपूरमधून लोकसभेवर निवडून गेल्या. ‘उमराव जान’ची देखणी वेशभूषा त्यांचीच. त्यांचा मुलगा शाद अली चित्रपट दिग्दर्शक झाला.

२००२ हे वर्ष तर या घरात गमतीचेच ठरले. डाव्या पक्षांच्या उमेदवार म्हणून ८७ वर्षांच्या आजी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवत होत्या आणि त्याच वर्षी नातवाचा पहिला चित्रपट ‘साथिया’ पडद्यावर आला. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्यापुढे आजींचा पराभव ठरलेलाच होता. तो झाला आणि आजी परतल्या त्या आपल्या रुग्णांकडे. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळाले, तरी दवाखाना सुटला नव्हता. २००६ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षीही त्या नेमाने रुग्ण तपासत होत्या.

२३ जुलै २०१२ रोजी कानपुरातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान करण्यात आले. ज्या हातांनी असंख्य बाळांना जगात आणले, ते हात शेवटी वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी दिले गेले.

आपल्या घरातल्या आजीने कदाचित रायफल उचलली नसेल. पण फोटोत न मावलेली कितीतरी वर्षे तिच्याही पदरी असतात. कुणाची बाळंतपणे तिने केली, कुणासाठी ती गावाशी भांडली, कोणाचा हात धरला, हे तिला आजच विचारायला हवे. सांगणारी समोर बसलेली आहे, तोवरच.