एक इमारत, अनेक वर्ग : सबडोमेनच्या जाळ्यात थीम कशी सांभाळावी?



आपल्यापैकी बरेच जण आता शाळेची वेबसाइट स्वतःच सांभाळतात. एकाच शाळेची असेल तर फार अवघड नाही. पण केंद्रातल्या सगळ्या शाळांचं काम एका तंत्रस्नेही शिक्षकाच्या गळ्यात पडलं, की खरी परीक्षा सुरू होते. माझ्याकडे एक मुख्य साइट आणि तिच्याखाली अकरा शाळांची अकरा सबडोमेन आहेत. त्या कामात माझ्याकडून एक मोठी चूक झाली. ती तुमच्याकडून होऊ नये, म्हणून आजचा हा पाठ.

जून महिना होता. पहिलीच्या प्रवेशाला कोणती कागदपत्रे लागतात, त्याची पट्टी मी प्रत्येक साइटच्या माथ्यावर दिसेल अशी केली होती. ती मी थेट थीमच्या हेडर फाइलमध्ये लिहिली. काम पाच मिनिटांत झालं, मलाही बरं वाटलं. आठवडाभराने एका संध्याकाळी थीमचे नवे अपडेट आले, मी बटण दाबले आणि झोपलो. सकाळी बाराही साइटवरून ती पट्टी गायब! मला ते कळलं तिसऱ्या दिवशी. एक आई रोज बुडवून मुलाला घेऊन शाळेत आली होती. मोबाइलवर यादी दिसली नाही, म्हणून जन्माचा दाखला घरीच राहिला. तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा खेप घालावी लागली.

बटण मी दाबलं, मजुरी तिची बुडाली. असं का झालं, ते आता नीट समजून घेऊ.

सबडोमेन आणि थीम म्हणजे काय?

समजा, मुख्य पत्ता 'शाळा डॉट उदाहरण' असा आहे. त्याच्या आधी एक शब्द आणि टिंब जोडले, की 'गणित डॉट शाळा डॉट उदाहरण' हा नवा पत्ता तयार होतो. हे झाले सबडोमेन. थीम म्हणजे साइटचे दिसणे ठरवणाऱ्या फाइलींचा संच : अक्षरे, रंग, मेनूची जागा, पानाची मांडणी. मजकूर वेगळा आणि थीम वेगळी. फळा बदलला तरी धडा तोच राहतो, तसंच हे आहे.

मल्टिसाइट कसे चालते?

वर्डप्रेसमध्ये अनेक साइट एकत्र चालवण्याच्या सोयीला मल्टिसाइट म्हणतात. पूर्वी त्यासाठी वर्डप्रेस एमयू नावाचे वेगळे सॉफ्टवेअर होते. जून २०१० मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत ते मूळ वर्डप्रेसमध्येच सामावून घेतले गेले.

आता डोळ्यांसमोर शाळेची इमारत आणा. इमारत एक, वर्ग अनेक. मल्टिसाइटमध्ये वर्डप्रेसच्या फाइली एकदाच असतात आणि थीमचे फोल्डरही सगळ्यांना मिळून एकच असते. मात्र प्रत्येक साइटचा मजकूर आणि सेटिंग डेटाबेसमधल्या तिच्या स्वतःच्या तक्त्यांत राहतात. म्हणजे भिंती समाईक, पण प्रत्येक वर्गाची हजेरीवही वेगळी.

इथेच सगळी मेख आहे. थीमच्या फाइलीत केलेला बदल ती थीम वापरणाऱ्या प्रत्येक साइटवर एकदम दिसतो. आणि अपडेट येते तेव्हा थीमचे जुने फोल्डर काढून नवे ठेवले जाते. आपण हाताने लिहिलेली ओळ त्या जुन्या फोल्डरबरोबरच जाते. याउलट लोगो, रंग, मेनू यांची निवड डेटाबेसमध्ये असते, म्हणून ती अपडेटनंतरही टिकते.

माझ्या चुका खरं तर दोन होत्या. पहिली, मूळ थीमच्या फाइलीला हात लावला. दुसरी, जो मजकूर होता तो थीममध्ये ठेवला. कागदपत्रांची यादी हा मजकूर आहे. तिची जागा पानात, विजेटमध्ये किंवा सूचनेत. सूचना फळ्यावर लिहावी, भिंतीत कोरू नये!

चाइल्ड थीम : योग्य मार्ग

मूळ थीमला धक्का न लावता आपले बदल ठेवायचे असतील, तर चाइल्ड थीम बनवा. पायऱ्या अशा :

१. थीमच्या फोल्डरशेजारी एक नवे फोल्डर करा.

२. त्यात 'स्टाइल डॉट सीएसएस' ही फाइल ठेवा. तिच्या सुरुवातीला चाइल्ड थीमचे नाव लिहा आणि 'टेम्प्लेट' या शब्दापुढे मूळ थीमच्या फोल्डरचे नाव अचूक लिहा. एक अक्षर चुकले तरी नाते जुळत नाही.

३. जुन्या पद्धतीच्या काही थीममध्ये मूळ थीमची स्टाइल फाइल बोलावणारी ओळ 'फंक्शन्स' फाइलमध्ये लिहावी लागते.

४. आपले बदल फक्त या नव्या फोल्डरमध्ये करा. मूळ थीम काढू मात्र नका, चाइल्ड थीम तिच्याच आधारावर उभी असते.

आता मूळ थीमचे अपडेट खुशाल करा, तुमचे बदल जागेवर राहतील. अपडेटला घाबरून ते टाळू नका. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात.

एक सावधगिरी सांगतो. लोगो, रंग यांसारखी बरीच सेटिंग त्या त्या थीमच्या नावाने साठवलेली असतात. चालू साइट मूळ थीमवरून चाइल्ड थीमवर नेली, की ती कोरी दिसू लागते. घाबरू नका, जुन्या थीमवर परतलात तर ती परत दिसतात. पण नव्या थीमवर पुन्हा भरावी लागतात, म्हणून आधी त्यांची नोंद करून ठेवा.

कोणाच्या हातात काय?

मल्टिसाइटमध्ये नवी थीम बसवणे, अपडेट करणे, काढणे हे फक्त सुपर अॅडमिन करू शकतो. शाळेचा अॅडमिन उपलब्ध थीममधून निवड करतो. 'नेटवर्क एनेबल' केले म्हणजे थीम सगळ्या साइटवर लागू झाली, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. ती फक्त सर्वांना निवडीसाठी दिसू लागते. एखादी थीम एकाच शाळेला द्यायची असेल, तर त्या साइटच्या 'थीम्स' टॅबमधून देता येते. उलट, एखादी थीम नेटवर्कवर बंद केली तरी जिथे ती आधीच चालू आहे तिथे चालूच राहते.

माझा सल्ला असा, की निवडीला दहा थीम ठेवू नका. एक मूळ थीम आणि तिच्या एक-दोन चाइल्ड थीम पुरतात. ब्लॉक थीम वापरत असाल तर आणखी सोपं आहे. मे २०२२ मधल्या ६.० आवृत्तीपासून एकाच थीममध्ये रंग-अक्षरांचे अनेक तयार संच देता येतात. थीम एकच ठेवून प्रत्येक शाळेला आपला संच निवडता येतो.

काय समान, काय वेगळे?

हा प्रश्न तंत्राचा नाही, समजुतीचा आहे. एका बैठकीत सर्व मुख्याध्यापकांना विचारून दोन याद्या करा.

समान ठेवा : मेनूची जागा, सूचनांची जागा, संपर्काची जागा, अक्षरांचा फाँट आणि आकार. एका शाळेची साइट वापरायला शिकलेल्या पालकाला दुसऱ्या शाळेचीही वापरता आली पाहिजे. फाँट देवनागरी नीट दाखवणारा घ्या. 'मुक्त' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' मोफत मिळतात. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतात.

वेगळे ठेवा : शाळेचा लोगो, फोटो, मुख्य रंग. रंग निवडताना अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा फरक पाहा. वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार साध्या मजकुरासाठी हे प्रमाण किमान ४.५ : १ हवे. पिवळ्यावर पांढरी अक्षरे संगणकावर खपून जातील, पण उन्हात उभ्या असलेल्या आजोबांना मोबाइलवर ती दिसणार नाहीत.

बदलापूर्वी चाचणी

चाचणीसाठी एक वेगळे सबडोमेन ठेवावे, असं मलाही वाटलं होतं. नवी चाइल्ड थीम तपासायला ते चालते. पण अपडेट तपासायला ते कामाचे नाही! कारण थीमचे फोल्डर सगळ्यांचे एकच. चाचणीच्या साइटसाठी अपडेट केले, की सगळ्यांसाठीच झाले. म्हणून अपडेट तपासायला वर्डप्रेसची पूर्ण वेगळी प्रत हवी, घरच्या संगणकावर असली तरी चालेल. ते शक्य नसेल तर निदान बॅकअप घ्या. अपडेट झाल्यावर लगेच प्रत्येक साइटचे पहिले पान मोबाइलवर उघडून पाहा. बारा साइटना मला पंधरा मिनिटे लागतात. त्या दिवशी ही पंधरा मिनिटे काढली असती, तर त्या माउलीची खेप वाचली असती.

लक्षात ठेवा

• मूळ थीमच्या फाइलीत बदल नको.
• मजकूर थीममध्ये नको.
• प्रवेश, परीक्षा, निकाल यांच्या आठवड्यात थीमला हात नको.
• सुपर अॅडमिनचा पासवर्ड आणि कामाची लेखी नोंद आणखी एका जबाबदार शिक्षकाकडे असू द्या. बदली कधीही होऊ शकते.

स्वाध्याय

१. तुमच्या साइटवरचा कोणता मजकूर थीमच्या फाइलीत अडकला आहे, ते शोधा.
२. 'समान' आणि 'वेगळे' अशा दोन याद्या तयार करा.
३. एखाद्या पालकाच्या हातात मोबाइल द्या आणि प्रवेशाची माहिती शोधायला सांगा. तुम्ही काही बोलू नका, फक्त बघा.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचं उत्तर कोणत्याही सेटिंगमध्ये सापडणार नाही.