रूळ जिथे संपतो

२८ जून २०१५, रविवार. चर्चगेटच्या तीन नंबर फलाटावर आलेली एक लोकल थांबलीच नाही. रुळाच्या टोकाला गाडी अडवणारा ठोकळा, म्हणजे बफर, मोडून तिचा पहिला डबा फलाटावर चढला आणि पाच जण जखमी झाले. एरवी त्या बफरकडे बघायला मुंबईत कुणाला सवड असते?

छोट्या रेल्वेच्या छंदातही त्याची हीच गत. इंजिनावर हजारो रुपये जातात, सिग्नल रंगवण्यात सुट्ट्या जातात आणि सायडिंगच्या टोकाला मात्र पाकिटातून निघालेला चकचकीत प्लास्टिकचा तुकडा बसतो.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुलं झालं. अनेक मराठी मुलांना हा छंद तिथेच लागला. पुढे घरी टेबलावर रूळ मांडायची वेळ आली, की मापांचा घोळ सुरू होतो.

लोकप्रिय एचओ प्रमाण १:८७ आहे. त्याचे रूळ १६.५ मिमी अंतरावर असतात, कारण युरोपातला खरा गेज १४३५ मिमी. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी. त्याच प्रमाणात तो १९.३ मिमी हवा. पण सहज मिळतात ते रूळ १६.५चेच, म्हणून भारतीय गाडीही त्यांवरच धावते. ही तडजोड नजरेआड करता येते. बफरची येत नाही. आपल्या ब्रॉडगेज डब्याच्या तोंडाशी दोन बफर असतील, तर त्यांच्यात १९५६ मिमी अंतर असतं, म्हणजे मॉडेलमध्ये साडेबावीस मिमी. युरोपात १७५० मिमी, म्हणजे वीस. मापात बनवलेली भारतीय वॅगन परदेशी ठोकळ्याला टेकवली, की बफरांच्या चकत्या नेमक्या समोरासमोर येत नाहीत.

शिवाय त्या ठोकळ्याचं रूपही आपलं नसतं. आपल्या मालधक्क्यावरचा डेड एंड बहुधा साधा: रुळांचेच उभे तुकडे, मागून तिरके टेकू, पुढे जाड आडवं लाकूड. कुठे नुसता मातीचा ढीग, कुठे वाळूचा सँड हंप. २०१७ साली सुरू झालेला बिदर–कलबुर्गी मार्ग घरी टेबलावर उतरवायचा असेल, तर कुरिअरची वाट बघण्यापेक्षा हे हाताने करणंच सोपं.

उरलेल्या रुळाचे तुकडे कापून सोल्डर करावेत, आडव्या लाकडासाठी आइस्क्रीमची काडी चालते. बफरचा मध्य रुळापासून १२.७ मिमी उंच ठेवावा. खऱ्या रिकाम्या वॅगनच्या बफरची कमाल उंची ११०५ मिमी असते, तिचं हे माप. एक धोका मात्र हमखास: दोन रुळांत विजेची दोन टोकं असतात. धातूच्या सांगाड्याने ती जोडली गेली, की शॉर्ट सर्किट! म्हणून ठोकळ्याच्या अलीकडे दोन्ही रुळांत प्लास्टिकचे सांधे घालावेत. लाकडाला मॅट लाल रंग, रुळांवर गंजासाठी चिमूटभर गेरू, बुडाशी थोडं वाळकं गवत.

फलाटाच्या टोकाला हायड्रॉलिक बफर हवा असेल, तर तो खुशाल विकत घ्यावा. त्यातलं बारीक काम घरी जमत नाही. मालधक्क्यासाठी पैसे घालवू नयेत. आणि आडवी काडी चिकटवण्याआधी एक वॅगन ढकलून बघावी, म्हणजे उंची चुकली असेल तर वेळीच सुधारता येते.