गवारीच्या बियांतला डिंक

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत येणाऱ्या शिरूर व दौंड तालुक्यांत घोड आणि भीमेच्या पाण्यावर ऊस उभा राहतो. परंतु जिथे पाट पोचत नाही अशा हलक्या जमिनींना गवारीसारखे कमी पाण्यावर तगणारे पीक मानवते. भाजीच्या गवारीचा तोडा शेंग जून होण्याआधीच होतो. तीच शेंग झाडावर वाळू दिली, तर तिच्या बियांत आइस्क्रीमपासून सॉसपर्यंत अनेक पदार्थांना दाटपणा देणारा डिंक साठतो, ज्याला बाजारात ‘ग्वार गम’ म्हणतात आणि वेष्टनावर ‘४१२’ या क्रमांकाने दर्शवतात.

बाभळीचा डिंक खोडातून पाझरतो, गवारीचा मात्र भ्रूणपोषात, म्हणजे अंकुरासाठी राखलेल्या अन्नसाठ्यात असतो. त्याचा मुख्य घटक गॅलॅक्टोमॅनन, म्हणजे मॅनोज या शर्करेची लांब साखळी व तिला जागोजागी जोडलेले गॅलॅक्टोजचे रेणू. या साखळ्या पाण्यात पसरून एकमेकींत गुंतल्या, की एक टक्का भुकटीनेही पाणी चांगलेच घट्ट होते.

मानवी पाचकरस ही साखळी तोडू शकत नाहीत, म्हणून हा डिंक विद्राव्य तंतूंत मोडतो. लहान आतड्यात त्याच्या घट्टपणामुळे ग्लुकोज सावकाश शोषले जाते आणि जेवणानंतर रक्तातील साखर एकदम चढत नाही. शिवाय पित्ताम्ले त्यात अडकून बाहेर पडल्याने नवी पित्ताम्ले बनवण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये कोलेस्टेरॉलविषयीचा हा परिणाम मान्य केला, पण त्यासाठी दिवसाला १० ग्रॅम डिंक लागतो. आइस्क्रीममध्ये तो साधारणतः अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. तेवढ्याने आरोग्य सुधारते असे सांगणे दिशाभूल करणारे आहे, आणि तेवढ्याची भीती बाळगणेही निराधार.

धोका आहे तो कोरड्या भुकटीचा. वजन घटवण्यासाठी विकलेल्या गोळ्या अन्ननलिकेतच फुगून ती तुंबल्याच्या घटना अमेरिकेत घडल्या व १९९० च्या सुमारास तेथील औषध प्रशासनाने त्यांवर कारवाई केली. म्हणून हा डिंक पूरक म्हणून घेताना भरपूर पाणी हवे, गिळण्याचा त्रास असणाऱ्यांनी तो टाळावा आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मोठ्या आतड्यातील जिवाणू तो आंबवतात, त्यामुळे अचानक जास्त घेतल्यास पोट फुगते. विकरांनी साखळ्या तोडून बनवलेला अंशतः विघटित डिंक पाण्यात घट्ट होत नाही व बद्धकोष्ठतेवर वापरला जातो. जिवाणूंना त्यातून खाद्य मिळते, मात्र घट्टपणावर अवलंबून असलेला साखरेवरील परिणाम त्याच्याकडून तितकासा अपेक्षिता येत नाही.