किमान म्हणजे किती?

आमच्या वाचनालयाच्या मागच्या इमारतीत अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची पन्नासेक मुलं तिथं रात्री उशिरापर्यंत बसतात. वर्गणी काढून तिथं इंटरनेटच्या तारा टाकायचं ठरलं, तेव्हा कामाचा कागद लिहायचं कार्यकारिणीनं माझ्यावर सोपवलं. मी बी.ए.चा माणूस, वर कविता करतो. तेव्हा कागद नीट उतरेल असा त्यांचा हिशेब. मी लिहिलं, 'उत्तम दर्जाच्या, जलद व टिकाऊ तारा टाकाव्यात.' सगळ्यांनी माना डोलावल्या.

चार महिन्यांत मुलांच्या सराव परीक्षा मधेच अडकू लागल्या. माझा भाचा पुण्यात नेटवर्कच्या कामात आहे. तो आला, केबलचं टोक सोललं आणि आतली तार ब्लेडनं खरवडली. वरचा तांब्याचा मुलामा निघाला, आत पांढरं ॲल्युमिनियम. कंत्राटदाराला बोलावलं तर तो शांतपणे म्हणाला, "चाचा, तांब्याची म्हणून कुठं लिहिलंय तुमच्या कागदात?" नव्हतंच लिहिलं. पैसे लोकांचे गेले आणि शब्द माझे होते.

त्या रात्री भाच्यानं मला एक पान वाचायला दिलं. "मामू, ह्यात एकही गोड विशेषण नाही बघा," म्हणाला.

तांब्याच्या तारेवरून सेकंदाला दहा गिगाबिट, म्हणजे एक हजार कोटी बिट, पाठवायचं जे मानक आहे, त्याच्या उद्दिष्टांचं ते पान. आयईईई ह्या अभियंत्यांच्या संस्थेची ८०२.३ नावाची समिती अशी मानकं ठरवते. ह्या कामाचा अभ्यासगट २००२ च्या अखेरीस बसला आणि मानक मंजूर झालं २००६ साली. नाव टेनजीबेस-टी. तारांची जोडी पिळून घ्यायची युक्ती मात्र फार जुनी. ग्रॅहॅम बेलनं तिचं पेटंट १८८१ सालीच घेतलं होतं.

ह्या समितीत आधी उद्दिष्टं ठरतात, मग रचना. तांत्रिक ठरावाला ७५ टक्के मतं लागतात. निरनिराळ्या कंपन्यांचे अभियंते एकमेकांशी भांडतात, पण प्रत्येक सूचनेला प्रश्न एकच: उद्दिष्टात बसते का? मला तरही मुशायरा आठवला. तिथं एक मिसरा सगळ्यांना देतात. वृत्त ठरलं, काफिया-रदीफ ठरले. आत काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं बघावं.

आता शब्द पाहा. 'एकच' यंत्रणा ठरवावी, असं तिथं लिहिलं होतं. ह्या 'एकच'मागं अनुभव आहे. शंभर मेगाबिटांच्या काळात, १९९० च्या दशकात, तांब्यासाठी तीन निरनिराळ्या पद्धती मानकात शिरल्या. बाजारात टिकली एक. बाकीच्या दोहोंची मेहनत कागदावर राहिली.

'विश्वासार्ह' हा शब्द नाहीच. त्याच्या जागी आकडा: एक लाख कोटी बिटांत चूक एकाहून जास्त नको. मी बोटांवर हिशेब केला. सेकंदाला एक हजार कोटी, म्हणजे शंभर सेकंदांत एक चूक. ही गोष्ट मोजता येते, त्यामुळं तिच्यावरून कुणाला तोंड फिरवता येत नाही.

मग मी अंतराच्या ओळीवर अडलो. क्लास एफ केबलवर 'किमान १०० मीटर', हे स्वच्छ. पण क्लास ई केबलवर 'किमान ५५ ते १०० मीटर'. भाच्याला म्हटलं, किमानाला खालचा एकच आकडा असतो. 'किमान पाच ते दहा रुपये द्या' असं भिकारीसुद्धा म्हणत नाही! तो हसला, पण त्यातली अडचण त्यानं समजावून सांगितली.

एका केबलीत चार जोड्या असतात. त्यांची आपापसातली कुजबुज चिप पुसून टाकू शकते, कारण त्या जोड्यांवर काय पाठवलं हे तिला ठाऊक असतं. शेजारच्या केबलीत काय चाललंय ते तिला कळायला मार्ग नाही. कार्यालयात पुष्कळ केबली एका जुडीत आवळून बांधलेल्या असतात. तिथं शेजारचा गलका फार आणि दहा गिगाबिटांचा वेग लांबवर टिकत नाही. भिंतींत आधीच गेलेल्या क्लास ई केबलींवर ५५ मीटरच्या पलीकडची खात्री देणं अवघड होतं, आणि सुधारलेल्या केबलीवर १०० मीटर हवे होते. दोन निरनिराळी वचनं एका ओळीत कोंबली गेली. माझ्या मते दोन वाक्यं करायला हवी होती. पुढं ह्या कामासाठी म्हणून सुधारलेली केबल आली. कॅटेगरी ६ए ह्या नावानं तिचं अमेरिकेतलं मानक २००८ साली निघालं. तीवर पूर्ण १०० मीटर मिळतात.

एक गोष्ट मात्र त्या पानावर नव्हती: चिपेनं वीज किती खावी. सुरुवातीच्या चिपा खूप वीज खात, तापत, आणि हे तंत्र पसरायला वेळ लागला त्याचं हे एक मोठं कारण. पुढं २०१६ साली जुन्याच तारांवरून अडीच आणि पाच गिगाबिट पाठवायचं मानक आलं. ज्यांना भिंत फोडायची नव्हती, त्यांची सोय झाली.

आमचं काम एवढं मोठं नव्हतं. आम्हाला एक गिगाबिट पुरे. दुसरा कागद मी भाच्याला शेजारी बसवून लिहिला. 'तार भरीव, शुद्ध तांब्याची, कॅटेगरी ६. प्रत्येक सॉकेटपर्यंत लांबी ९० मीटरपेक्षा जास्त नसावी. प्रत्येक जोडणी यंत्रावर तपासून निकालाचा कागद द्यावा, मगच पैसे.' ह्या खेपेस कुणी मान डोलावली नाही. खजिनदार म्हणाले, "कविराज, हे तर वाण्याच्या यादीसारखं झालं."

नव्या कंत्राटदारानं कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "९० मीटर म्हणजे भिंतीतली केबल, का कॉम्प्युटरपर्यंतची सुटी वायर धरून?"

मी पेन काढलं, 'लांबी'च्या आधी 'भिंतीतली' हा शब्द घातला आणि खाली सही केली.