ओपनटून्झ सोर्स कोडपासून कंपाइल करताना

मला एक प्रश्न नेहमी विचारला जातो. ओपनटून्झ तयार मिळतं, डाउनलोड केलं की लगेच चालतं, मग ते सोर्स कोडपासून कंपाइल करण्याची यातायात कशासाठी? प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी 'कशासाठी' ते बघू आणि मग 'कसं' याकडे वळू.

टून्झ हे मूळचं इटलीतलं, डिजिटल व्हिडिओ या कंपनीचं सॉफ्टवेअर. जपानच्या स्टुडिओ जिब्लीने 'प्रिन्सेस मोनोनोके'च्या वेळेपासून ते वापरलं आणि आपल्या गरजेप्रमाणे त्यात बदल करून घेतले. पुढे ड्वांगो या जपानी कंपनीने ते विकत घेतलं आणि मार्च २०१६ मध्ये ओपनटून्झ या नावाने त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. परवाना सुधारित बीएसडी आहे. म्हणजे कोड वाचा, बदला, वाटा, त्यातून धंदा करा, सगळ्याला मुभा आहे. टाहोमाटूडी हे सॉफ्टवेअर याच कोडमधून पुढे आलं.

पण मुभा असणं वेगळं आणि ती वापरता येणं वेगळं. समजा, एखादा दोष तुमचं काम अडवतोय आणि तो दुरुस्त करणारा बदल कोडमध्ये आलाही आहे. तयार आवृत्ती मात्र अजून निघालेली नाही आणि दोन आवृत्त्यांमध्ये कधीकधी वर्षाहून जास्त काळ जातो. कंपाइल करता येत असेल, तर ती दुरुस्ती आज संध्याकाळी तुमच्या मशीनवर असते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. भाड्याच्या सॉफ्टवेअरची वर्गणी थांबली आणि फाइलचा फॉरमॅट बंदिस्त असला, की आपलीच चित्रं आपल्याला उघडता येत नाहीत. खुल्या कोडमध्ये ही भीती नाही, पण एका अटीवर. तो कोड बांधू शकणारी माणसं आपल्यात असायला हवीत.

आता कामाकडे वळू. मी उबुंटू किंवा डेबियन लिनक्स धरून सांगते. आज्ञांची नेमकी अक्षरं कोडसोबतच्या 'डॉक' फोल्डरमध्ये लिनक्ससाठीच्या फाइलमध्ये आहेत, ती तिथूनच घ्या. इथे आपण समजून घेऊ ती प्रत्येक आज्ञेमागची गोष्ट.

ओपनटून्झ सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं आहे. कंपायलर एकेक कोड फाइल घेतो आणि तिची मशीनला कळणारी ऑब्जेक्ट फाइल बनवतो. मग लिंकर या सगळ्या ऑब्जेक्ट फाइल्स आणि बाहेरच्या लायब्रऱ्या एकमेकींना जोडतो. हे दोन टप्पे डोक्यात पक्के ठेवा. पुढे येणाऱ्या चुकांचे संदेश याच दोन टप्प्यांवरून ओळखता येतात.

पहिली पायरी, लायब्ररी पॅकेजं. खिडक्या, बटणं, मेनू यांसाठी क्यूटी लागतं. मायपेंटच्या ब्रशांसाठी लिबमायपेंट, कॅमेऱ्यातून येणाऱ्या चित्रांसाठी ओपनसीव्ही. सुपरएलयू हे नाव बघून पुष्कळ जण गोंधळतात. चित्राला सांगाडा लावून हात-पाय वाकवायची जी प्लॅस्टिक सोय आहे, तिच्यामागे मोठी समीकरणं सोडवावी लागतात. ते काम सुपरएलयू करतं. प्रत्येक नावामागे असं एखादं काम आहे. मात्र पॅकेज निवडताना नावाच्या शेवटी 'डेव्ह' असलेलंच घ्या. साध्या पॅकेजमध्ये फक्त चालणारी लायब्ररी असते. कंपायलरला तिच्या हेडर फाइल्स लागतात आणि त्या 'डेव्ह' पॅकेजमध्ये असतात.

दुसरी पायरी, कोड आणणं. 'गिट क्लोन' केलं की प्रकल्पाचा सगळा इतिहास उतरतो. नेट बेताचं असेल तर 'डेप्थ' या पर्यायापुढे १ लिहा. फक्त ताजा कोड येईल आणि बांधणीसाठी तेवढा पुरतो.

तिसरी पायरी, 'स्टफ' नावाचं फोल्डर. यात ब्रश, खिडक्यांची मांडणी, इफेक्ट्सच्या सेटिंग्ज असं सामान असतं. ते आपल्या होम फोल्डरमधल्या 'कॉन्फिग'खाली ओपनटून्झच्या जागी कॉपी करायचं आणि त्याचा पत्ता 'सिस्टिमव्हार' नावाच्या छोट्या फाइलमध्ये लिहायचा. ही पायरी वगळली तर कंपाइल सुरळीत होतं, पण सुरू होताना प्रोग्रॅमला स्वतःचं सामान सापडत नाही.

चौथी पायरी, टिफ लायब्ररी. ओपनटून्झच्या कोडमध्ये 'थर्डपार्टी' फोल्डरात तिची स्वतंत्र प्रत ठेवलेली आहे. तिथे जाऊन आधी 'कन्फिगर' आणि मग 'मेक' चालवून ती बांधून घ्यायची. मुख्य कोडचा क्रम त्यानंतर.

पाचवी पायरी, खरी बांधणी. 'टून्झ' फोल्डरात 'बिल्ड' नावाचं रिकामं फोल्डर करा आणि त्याच्या आतून सीमेक चालवा. सीमेक स्वतः काही कंपाइल करत नाही. तुमच्या मशीनवर काय आहे, काय नाही हे तपासून तो कामाचा आराखडा तयार करतो. काही कमी असेल तर इथेच नाव घेऊन सांगतो. बांधणीचा पसारा वेगळ्या फोल्डरात ठेवल्याने मूळ कोड स्वच्छ राहतो. काही बिनसलं तर 'बिल्ड' पुसून टाका आणि पुन्हा सुरुवात करा.

मग 'मेक'. त्याला 'जे' या पर्यायापुढे आकडा देतात. तितक्या फाइल्स एकाच वेळी कंपाइल होतात. बरेच जण प्रोसेसरचे जितके कोअर तितका आकडा देतात. चार जीबी रॅमच्या मशीनवर मी एक किंवा दोनच देते. सी प्लस प्लसचा कंपायलर मेमरी भरपूर खातो. मेमरी संपली की लिनक्स त्यालाच बंद करतं आणि पडद्यावर 'किल्ड' असा शब्द येतो. कोडमध्ये काहीही चुकलेलं नसतं. आकडा कमी करून 'मेक' पुन्हा चालवा. झालेलं काम वाया जात नाही, जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं.

आता चुकांचे संदेश. शेवटची ओळ वाचून निष्कर्ष काढू नका. एकाच वेळी अनेक फाइल्स चालू असतात, त्यामुळे खरं कारण पुष्कळ वर असतं. वर जाऊन 'एरर' हा शब्द पहिल्यांदा कुठे आलाय ते शोधा. तिथे 'नो सच फाइल' म्हटलं असेल आणि फाइलचं नाव बाहेरच्या लायब्ररीचं असेल, तर हेडर नाही, म्हणजे 'डेव्ह' पॅकेज राहिलंय. 'अनडिफाइंड रेफरन्स' असेल तर कंपाइल झालंय, पण जोडताना लायब्ररी सापडली नाही किंवा चुकीच्या आवृत्तीची सापडली.

बांधणी पूर्ण झाली की लगेच सिस्टिममध्ये इन्स्टॉल करायची गरज नाही. लायब्रऱ्यांचा मार्ग सांगून 'बिल्ड'मधूनच प्रोग्रॅम चालवता येतो. आधीची तयार आवृत्ती शेजारी तशीच राहू द्या. मात्र चालू प्रकल्प नव्या बांधणीत उघडण्याआधी त्याची प्रत काढून ठेवा.

इथवर आलात, की खरी मजा सुरू होते. कोडमध्ये 'ट्रान्सलेशन्स' नावाचं फोल्डर आहे. त्यात जपानी, फ्रेंच, स्पॅनिश अशा भाषांच्या फाइल्स आहेत. मेनूवरचा प्रत्येक शब्द तिथे मूळ रूपात आणि शेजारी भाषांतरात लिहिलेला असतो. क्यूटी लिंग्विस्ट या साधनात अशी फाइल उघडून शब्द भरायचे, बिल्डला त्या भाषेची नोंद द्यायची आणि पुन्हा 'मेक' चालवायचं. दुसऱ्या खेपेला सगळं पहिल्यापासून कंपाइल होत नाही. जे बदललं आणि त्यावर जे अवलंबून आहे, तेवढंच होतं.

बेळगावच्या मराठी शाळेतल्या मुलाने किंवा इंदूर-बडोद्यात घरी मराठी बोलणाऱ्या मुलीने ॲनिमेशन शिकताना मेनूवर आपल्या भाषेतला शब्द बघावा, यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. परवानगी २०१६ मध्येच मिळालेली आहे. गरज आहे ती भाषांतर करणाऱ्याची आणि ते बांधून तपासणाऱ्याची. 'फ्रेम' तसंच ठेवायचं का, 'लेव्हल'ला काय म्हणायचं, हे कागदावर ठरत नाही. शब्द बटणात मावतो का, मात्रा कापली जाते का, हे प्रोग्रॅम चालवल्यावरच कळतं.

म्हणून या भागाचा गृहपाठ छोटासा. ओपनटून्झ एकदा कंपाइल करा. मग मेनूतला कोणताही एक शब्द बदला आणि पुन्हा कंपाइल करा. तो शब्द पडद्यावर दिसला, की पुढचं सगळं यापेक्षा फक्त आकाराने मोठं आहे. भेटू पुढच्या भागात.